आटे बसले म्हणजे ब्रेक बसला असं नाही

माझ्या मावसभावाकडे एक जुनी महिंद्रा जीप आहे. चारही चाकांना ड्रम ब्रेक. सिंहगडावरून खाली येताना चार-पाच वळणं झाली की जळका वास सुटायचा आणि पेडल जोरात दाबूनही गाडी मनासारखी थांबायची नाही. शेवटी त्याने पुढच्या दोन चाकांना डिस्क बसवायचं ठरवलं. नाना पेठेत दोन शनिवार घालवून आम्ही सामान गोळा केलं: डिस्क, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), ब्रॅकेट आणि मारुतीच्या गाडीचे दोन रबरी होज. महागाचं सगळं मिळालं होतं. उरला होता तो जीपच्या चॅसीवरून येणारा लोखंडी पाईप आणि नवा होज यांचा जोड. पाईपच्या टोकाला बाहेरून आटे असलेला, बोटाच्या पेराएवढा नट होता. तो होजमध्ये हाताने चार आटे सहज गेला, मग पान्याने घट्ट झाला. "बसतंय की," मिस्त्री म्हणाला, आणि आम्हीही मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा ओला डाग होता. भावाने पेडल दाबलं, ते हळूहळू खाली गेलं आणि फळीला टेकलं. गाडी जागेवरच उभी होती, म्हणून निभावलं.

नवले पुलाजवळच्या उतारावर अपघात झाला की पुण्यात आठवडाभर 'ब्रेक फेल' हाच विषय असतो. तिथले अवजड ट्रक हवेच्या दाबावर थांबतात, त्यांचं गणित वेगळं. आपल्या कारचे आणि जीपचे ब्रेक तेलावर चालतात. मोठी डिस्क, चार पिस्टनचा कॅलिपर, वरच्या मॉडेलचे ब्रेक खालच्या मॉडेलला, असे बदल करणारे लोक वाढले आहेत. डिस्क केवढी घ्यावी यावर सगळे बोलतात. चहा-क्रीमरोलच्या पैशात येणाऱ्या त्या नटावर कोणी बोलत नाही, आणि घात तिथेच होतो.

## पेडलपासून चाकापर्यंत

तुम्ही पेडल दाबता तेव्हा मास्टर सिलेंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि ब्रेक ऑइलवर दाब आणतो. द्रव दाबून आकसत नाही, म्हणून तोच दाब पाईपमधून चाकापर्यंत पोचतो आणि तिथला पिस्टन पॅडला डिस्कवर दाबतो. पास्कलचा नियम शाळेत शिकलो होतो, तोच.

मधला रस्ता दोन प्रकारचा असतो. चॅसीवरून जाणारा कडक लोखंडी पाईप, आणि चाक वर-खाली व आजूबाजूला हलतं म्हणून शेवटच्या वीतभर अंतरात लवचिक होज. जिथे पाईप संपून होज सुरू होतो, होज संपून कॅलिपर सुरू होतो, तिथे जोड येतो. या जोडाच्या सामानाला बाजारात फिटिंग म्हणतात.

दाब किती असतो, हे कळल्याशिवाय या जोडाचं गांभीर्य कळत नाही. पेट्रोल पंपावर आपण टायरमध्ये ३२-३३ पीएसआय हवा भरतो. घरच्या कुकरची शिट्टी साधारण १५ पीएसआयला उडते. जोरात ब्रेक मारल्यावर ऑइलमध्ये १,००० ते १,५०० पीएसआय दाब सहज येतो, म्हणजे ७० ते १०० बार. शंभर बार म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० किलो. अंगठ्याच्या नखावर ज्वारीचं अख्खं पोतं ठेवल्यासारखं.

## गळती कोण थांबवतं?

गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

घरातला नळ बसवताना प्लंबर आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतो. त्याच्या आधीची पिढी सुतळी आणि सफेदा लावायची. तिथे पाणी अडवायचं काम आटेच करतात. पाईपचे ते आटे किंचित निमुळते असतात, जितके आत जातील तितके आवळत जातात, आणि राहिलेली फट पट्टी भरून काढते. नळाशी आपला रोजचा संबंध असल्यामुळे सगळेच जोड तसे चालतात असं आपण धरून चालतो.

ब्रेकचा जोड कुकरसारखा असतो. कुकरच्या झाकणाची पकड वाफ अडवत नाही. ती झाकण जागेवर दाबून धरते, आणि वाफ अडवतो तो रबराचा गॅस्केट. ब्रेकच्या नटाचे आटे म्हणजे ती पकड. ऑइल अडवतं ते पाईपचं पसरवलेलं टोक, समोरच्या भोकाच्या तळाशी असलेल्या बैठकीवर चेपून. या टोकाला फ्लेअर म्हणतात आणि बैठकीला सीट. इथे रबर नाही. धातू धातूवर इतका घट्ट चेपला जातो की मधून ऑइल जायला वाट उरत नाही.

म्हणजे प्रत्येक जोडाला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. आटे जुळले तर नट जोर लावू शकतो. फ्लेअर आणि सीट जुळले तर त्या जोराने गळती थांबते. एक जुळलं आणि दुसरं नाही, तर वरून पाहताना सगळं ठीक वाटतं.

## नरसाळं आणि अळंबी

रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये फ्लेअर मुख्यतः दोन प्रकारचे सापडतात.

पहिला डबल फ्लेअर. पाईपचं तोंड नरसाळ्यासारखं ४५ अंशांत पसरवतात आणि कड आत दुमडून दुहेरी करतात, शिंपी कापडाची कड दुमडून शिवतो तशी. एकेरी कड दाबाने आणि थरथरीने चिरते, दुहेरी टिकते. या नरसाळ्यात शिरायला समोरच्या भोकाच्या तळातून शंकूसारखा उंचवटा वर आलेला असतो. जपानी पद्धतीच्या गाड्या, म्हणजे आपल्याकडच्या मारुती सुझुकी, टोयोटा, होंडा, तसंच ह्युंदाई, आणि जुन्या अमेरिकी पद्धतीच्या जीप सहसा या घरातल्या.

दुसरा बबल फ्लेअर. पाईपचं टोक अळंबीच्या टोपीसारखं फुगवलेलं. त्याला बसायला समोर उंचवटा नसतो, खळगा असतो. युरोपी पद्धतीच्या गाड्यांत, फोक्सवॅगन-स्कोडा वगैरेंमध्ये, सहसा हा दिसतो.

अळंबीचं टोक उंचवट्यावर बसवलं तर दोन गोल वस्तू एकमेकींवर ठेवल्यासारखं होतं. नट आवळला की एका बारीक रेषेवर चेपतं, थोडे दिवस गळतही नाही. मग एके दिवशी घाटात जोराचा ब्रेक लागतो. नरसाळ्याला उंचवटा आणि अळंबीला खळगा, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं. तपासायलाही सोपं आहे. मोबाइलचा टॉर्च लावून भोकाच्या तळात बघायचं.

तिसरा प्रकार शर्यतीच्या सामानातून येतो. परदेशातून मागवलेल्या स्टीलची जाळी असलेल्या होजला बऱ्याचदा एएन-३ नावाचं फिटिंग असतं. त्याचा शंकू ३७ अंशांचा, मूळ विमानांच्या कामातून आलेला. फसगत अशी की त्याचे आटे आणि जुन्या अमेरिकी ब्रेक नटाचे आटे अगदी एकच: ३/८ इंच, इंचाला २४. नट शेवटपर्यंत गुळगुळीत जातो, आटे पूर्ण जुळतात, पण शंकूचा कोन ४५ ऐवजी ३७ असल्यामुळे सीट बसत नाही.

## जीपच्या नटाचं काय झालं होतं?

आता आमच्या डागाकडे येऊ. आज बहुतेक गाड्यांत ब्रेक पाईपच्या नटाचा माप 'एम १० × १' असतो. याचा अर्थ बाहेरचा व्यास १० मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, १ मिलिमीटर. जपानी असो वा युरोपी, हे माप खूप ठिकाणी चालतं. जुन्या अमेरिकी आणि इंग्रजी घराण्यातल्या गाड्या इंचात बोलतात. विलीजच्या आराखड्यावरून आलेल्या जीप आणि मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली अॅम्बॅसॅडर ही आपल्या ओळखीची उदाहरणं. त्यांच्यात ३/८ इंच, इंचाला २४ आटे, असा नट सापडतो.

३/८ इंच म्हणजे ९.५३ मिलिमीटर. इंचाला २४ आटे म्हणजे पिच १.०६ मिलिमीटर. एम १० च्या इतकं जवळ की डोळ्यांना फरक कळणं अवघड. इंची नट मेट्रिक भोकापेक्षा जवळपास अर्धा मिलिमीटर बारीक, म्हणून तो आत जातो. पण त्याचे आटे समोरच्या आट्यांत पूर्ण खोलीने रुतत नाहीत. हिशोब केला तर पकड पूर्ण नटाच्या निम्म्याच्या आसपास येते.

पुढची गोष्ट जास्त घातक आहे. प्रत्येक आट्यामागे ०.०६ मिलिमीटरचा फरक. पहिल्या दोन-तीन आट्यांत तो खपून जातो. पाच आट्यांवर ०.३ मिलिमीटर होतो आणि आटे एकमेकांवर चढू लागतात. हाताला नट जड लागतो. आपल्याला वाटतं, सीटवर टेकला, आता घट्ट झाला. प्रत्यक्षात फ्लेअर अजून सीटला नीट चेपलेलाच नसतो; आटे आट्यांत अडकलेले असतात. आमच्या मिस्त्रीच्या हाताला जो घट्टपणा लागला, तो हा होता. नंतर नट सोडून पाहिला तेव्हा होजमधले पहिले तीन आटे चमकत होते, कोणी कानशीने घासल्यासारखे, आणि त्यांचा चुरा नटाच्या टोकाला चिकटला होता. तो होज बाद झाला.

भोसरीतल्या एका लेथवाल्या काकांनी तो नट हातात घेतला, पिच गेजचं पातं आट्यांवर टेकवलं, उजेडासमोर धरलं आणि म्हणाले, "दादा, हा इंची आहे. तुमचा होज मेट्रिक. हे लग्न जमणार नाही." दहा सेकंदांचं काम होतं. तेवढंच काम आम्ही आधी केलं नव्हतं.

उलटी चूकही होते. कॅलिपरच्या बाजूला एम १० × १.२५ पिचचा बोल्ट असणाऱ्या गाड्या आहेत आणि एम १० × १ च्याही. व्यास सारखाच, पिच वेगळा. हा बोल्ट दीड-दोन आटे जाऊन अडतो. अडला की थांबायचं. पान्याला पाईप लावून जोर केला तर कॅलिपरचे आटे जातात, आणि नवा कॅलिपर भंगारात.

## आपल्या गाडीला काय आहे, हे कसं ओळखायचं?

गाडीच्या नावावरून अंदाज बांधा, पण विकत घेताना विश्वास मापावर ठेवा. त्याच कंपनीच्या गाड्यांत मॉडेलनुसार फरक असतो, आणि जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय बदललंय हे कुणालाच माहीत नसतं.

व्हर्निअर आणि पिच गेज, एवढी दोनच हत्यारं लागतात. नटाचा बाहेरचा व्यास मोजा. ९.८-९.९ आला तर १० मिलिमीटरचा नट, ९.४-९.५ आला तर ३/८ इंच. आट्यांची टोकं थोडी बोथट असतात, म्हणून माप नावापेक्षा किंचित कमीच येतं. मग पिच गेजचं पातं लावा. एक पातं सगळ्या आट्यांत एकाच वेळी, उजेड न दिसता बसलं पाहिजे. १ मिलिमीटरचं पातं इंची आट्यांवर ठेवलं तर एका टोकाला बसतं आणि दुसऱ्या टोकाला उचललं जातं. गेज नसेल तर माहितीतला खरा एम १० × १ नट सोबत ठेवा आणि दोन्ही नटांचे आटे एकमेकांत दाते घातल्यासारखे जुळवून उजेडात बघा.

पानाही सुगावा देतो. एम १० × १ नटाला जपानी गाड्यांत सहसा १० चा पाना लागतो, युरोपी गाड्यांत ११ चा. नटाच्या टोकाला आट्यांविना गुळगुळीत भाग असेल तर तो बहुतेकदा बबल फ्लेअरचा. टोकापर्यंत आटे असतील तर डबल फ्लेअरचा. हे सुगावेच. शेवटचा शब्द टॉर्चने दिसणाऱ्या सीटचा.

नट सोडताना साधा फिक्स पाना वापरू नका. पावसाळे काढलेला नट पाईपला गंजून चिकटलेला असतो, फिक्स पान्याने त्याचे कोपरे गोल होतात आणि पाईपच पिळला जातो. यासाठी रिंग पान्यासारखा, पण पाईप आत घालायला एका बाजूने फटीचा फ्लेअर नट पाना मिळतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर सकाळी नट सुटतो.

## जुळत नसेल तर काय?

सुदैवाने एक गोष्ट दोन्ही घराण्यांत सारखी आहे. मेट्रिक ब्रेक पाईप ४.७५ मिलिमीटरचा असतो आणि इंची ३/१६ इंचाचा, म्हणजे ४.७६. व्यवहारात पाईप एकच. मग भांडण फक्त नटाचं उरतं, आणि नट बदलता येतो.

जीपला आम्ही तेच केलं. नवा पाईप घेतला, जीपच्या टी-जोडाकडच्या टोकाला इंची नट, होजकडच्या टोकाला मेट्रिक नट, आणि दोन्ही टोकांना डबल फ्लेअर. एका पाईपला दोन घराण्यांचे नट, मध्ये कुठलाही जादा जोड नाही. माझ्या मते शक्य असेल तिथे हाच मार्ग. हे काम करून देणारे लोक पुण्यात आहेत; जुन्या गाड्यांचे ब्रेक पाईप बनवणाऱ्याकडे विचारा. फ्लेअर मारण्याआधी दोन्ही नट पाईपवर ओवलेत ना, आणि तोंडं योग्य दिशेला आहेत ना, हे बघा. फ्लेअर मारल्यावर नट आत घालता येत नाही. आमचा पहिला पाईप याच कारणाने वाया गेला.

दुसरा मार्ग अॅडाप्टरचा: एका बाजूला इंची, दुसऱ्या बाजूला मेट्रिक. ब्रेकसाठी बनवलेला, स्टीलचा, आणि दोन्ही बाजूंची सीट योग्य असलेला अॅडाप्टर चालतो. पण जिथे एक जोड होता तिथे आता दोन झाले. अॅडाप्टरवर अॅडाप्टर चढवायची वेळ आली तर पाईपच नवा करा.

फ्लेअर कोणाकडून मारून घेताय हेही महत्त्वाचं. एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे फ्लेअरिंग टूल असतं, ते तांब्याच्या मऊ नळीला एकेरी फ्लेअर मारतं. ब्रेकला एकेरी फ्लेअर चालत नाही. एसीची तांब्याची नळीही चालत नाही. सततच्या थरथरीने तांबं कडक होत जातं आणि चिरतं. स्टीलला गंजाचा त्रास नको असेल तर तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा, खास ब्रेकसाठी बनवलेला पाईप मिळतो. व्होल्वोसारख्या कंपनीने १९७० च्या दशकापासून तो वापरला. दिसायला तांब्यासारखाच, म्हणून विकत घेताना नीट विचारून घ्या.

## "टेफ्लॉन लावलं तर? टॅप मारून घेतला तर?"

हे दोन प्रश्न हमखास येतात.

टेफ्लॉनचा उपयोग नाही, कारण आटे इथे गळती अडवतच नाहीत. उलट पट्टीचे तुकडे सुटून ऑइलमध्ये जातात आणि मास्टर सिलेंडरच्या किंवा एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) बारीक छिद्रात अडकू शकतात. शिवाय आटे निसरडे झाल्यामुळे नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. कुकरच्या झाकणाच्या कडेला पट्टी गुंडाळून फाटका गॅस्केट चालवण्यातला हा प्रकार.

भोकात नव्या मापाचा टॅप मारणं, म्हणजे आटे नव्याने पाडणं, सोपं दिसतं. पण ३/८ चं भोक एम १० करताना जुन्या आट्यांचे अवशेष राहतात, आणि टॅप केसाइतका तिरका गेला तरी नट सीटवर एका कडेने बसतो. टॅपचं टोक तळातल्या सीटला ओरखडा पाडतं ते वेगळंच. हे काम बिघडलं की दुरुस्तीचा मार्ग उरत नाही, आणि बिघडलंय हे बाहेरून दिसत नाही. मी तरी करू देणार नाही.

पाईप कापून मध्ये पितळेचा कॉम्प्रेशन जोड घालणं, म्हणजे नट आवळून आतली रिंग पाईपवर चेपवणं, पाण्याच्या लाइनला ठीक आहे. ब्रेकच्या लाइनवर तो दिसला तर काढून टाका.

"पण तो मिस्त्री वीस वर्षं हेच करतोय," असंही ऐकू येतं. त्याचा अनुभव खरा असतो. हाताला लागणारा घट्टपणा त्याला आपल्यापेक्षा चांगला कळतो. पण इंची नट मेट्रिक भोकात खोटा घट्टपणा देतो आणि तो हात कितीही मुरलेला असला तरी फसवतो. म्हणून गेज लावून बघा म्हणायला संकोच करू नका.

## होजच्या दोन टोकांची दोन माणसं

होज विकत घेताना लोक लांबी बघतात. त्याआधी दोन्ही टोकं बघा. एक टोक गाडीच्या पाईपशी बोलतं, दुसरं कॅलिपरशी. कॅलिपरच्या टोकाला बहुतेकदा बॅंजो असतो: मधे भोक असलेली गोल कडी, तिच्यातून जाणारा पोकळ बोल्ट, आणि कडीच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा एकेक वायसर. इथे सीटचं काम हे वायसर चेपून करतात. ते एकदाच चेपतात. जोड उघडला की दोन्ही नवे घालायचे.

सोपा नियम असा: कॅलिपर ज्या गाडीचा, शक्यतो होजही त्याच गाडीचा. मग कॅलिपरकडचं टोक निर्विवाद जुळतं आणि तुम्हाला एकाच टोकाचा प्रश्न सोडवावा लागतो. होज बसवल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, चाक जॅकवर पूर्ण लोंबकळू द्या, आणि दोन्ही वेळा होज ताणत नाही, पिळत नाही, टायरला लागत नाही हे स्वतः खाली बसून बघा. भारतात हायड्रॉलिक ब्रेक होजसाठी आयएस ७०७९ हे मानक आहे. होजवर काही खूण-छाप नसेल तर तो काउंटरवरच परत करा.

## फिटिंग जुळलं. ब्रेक जुळला का?

आणखी एक पायरी आहे, थोडक्यात सांगतो. कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलिमीटरऐवजी ५४ चा घेतला तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २७ टक्के वाढतं. त्याला तेवढंच सरकवायला तेवढं जास्त ऑइल लागतं. मास्टर सिलेंडर जुनाच असेल तर पेडल जास्त खाली जाईल. पुढचे ब्रेक जोरदार झाले आणि मागचे तसेच राहिले, तर पुढची चाकं लवकर लॉक होतात. एबीएस असलेल्या गाडीत (भारतात एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना ते सक्तीचं आहे) संगणकाने मूळ ब्रेकचा हिशोब धरलेला असतो.

ड्रमवरून डिस्कवर जाणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी एक खास गोष्ट. ड्रमच्या मास्टर सिलेंडरमध्ये बऱ्याचदा लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. डिस्कला तो नको. राहिला तर पॅड डिस्कला घासतच राहतात आणि चाक तापतं. शिवाय ड्रम फिरता-फिरता स्वतःलाच आवळून घेतो, डिस्क तसं करत नाही, म्हणून बूस्टर (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) नसलेल्या जीपला डिस्क लावली की पायाला जोर जास्त लागतो. आमच्या जीपला शेवटी बूस्टरसकट मास्टर सिलेंडर बदलावा लागला.

हे सगळं वाचून "मग करावं की नाही?" असं वाटलं असेल तर माझं मत सांगतो. रोज शहरात आणि महिन्यातून एकदा ताम्हिणीला जाणाऱ्या गाडीला आधी चांगले टायर, चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल द्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल फोमसारखं मऊ पडतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं आणि उतरताना खालच्या गिअरमध्ये राहणं यानेच अनेकांची तक्रार संपते.

## कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाप्रमाणे बदल करायला मर्यादा घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेला सोडून गाडी बदलता येणार नाही असं स्पष्ट केलं. नव्या मॉडेलचे ब्रेक मान्यतेआधी तपासले जातात. आपल्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही त्यासाठीच्या संस्थांपैकी एक. तुम्ही केलेला बदल असा कोणी तपासलेला नसतो. म्हणून मोठा बदल करण्याआधी आरटीओत विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा, आणि वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नका. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचे कंपनीचे ब्रेक, हा त्यातल्या त्यात सुरक्षित रस्ता. तिथे फिटिंग जुळण्याची शक्यताही सगळ्यात जास्त.

## गाडी बाहेर काढण्याआधी

एअर काढताना, म्हणजे लाइनमध्ये अडकलेली हवा बाहेर सोडताना, कॅलिपरचा निपल (हवा सोडायचं तोंड) वरच्या बाजूला आहे का बघा. डावा कॅलिपर उजवीकडे लागला तर निपल खाली येतो आणि हवा वरच अडकून राहते. कितीही ऑइल घाला, पेडल मऊच. नट मनगटाच्या जोराने आवळायचा, खांद्याच्या नाही. एम १० च्या नटाला साधारण १५ न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क पुरतो. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

मग इंजिन चालू करून एकाने पेडल जोरात दाबून मिनिटभर धरून ठेवायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवायचा. पेडल जागचं हललं नाही आणि टिश्यू कोरडा राहिला, तर गल्लीत चालण्याच्या वेगाने दहा-बारा ब्रेक मारून पुन्हा टिश्यू फिरवायचा.

नवा पाईप लावल्यावर भावाने पहिल्या रात्री चारही चाकांखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी ते कोरडं होतं. तरी त्याने आणखी सहा रात्री पसरलं, मग आम्ही सिंहगडाला गेलो. उतरताना गोळेवाडीच्या नाक्याजवळ गाडी बाजूला घेतली, भाऊ गुडघ्यांवर बसला, तापलेल्या डिस्कपासून हात जपत दोन्ही जोडांवरून टिश्यू फिरवला, उजेडासमोर धरून पाहिला आणि खिशात घातला.